वांगं आत, वांगं बाहेर

अमरावती रोडला संत्र्याच्या रोगावर संशोधन चालतं,
तिथल्या गेस्टहाउसात मी एकोणीस वर्षं रांधते.
पाहुणे येतात, तर्री मागतात, नाक पुसतात, जातात.
मियाशिता साहेब मात्र थेट स्वयंपाकघराशी आले,
चपला दाराबाहेर, हातात वही.

वहीत झाडांची पानं असतील असं वाटलं.
निघाली जेवणं.
एकेका जेवणापुढे एक गाव, एक डोंगर, नाहीतर पाणी.
तळ्यातला मासा मिठात, मग भातात, वर दगड, दोन-तीन वर्षं:
फुनाझुशी, बिवा तळं.
भात कुटून सुगीच्या काडीला थापायचा, जाळाभोवती रोवायचा:
किरिताम्पो, अकिता, रानातल्या लाकूडतोड्यांचं.
"सुगी?" मी म्हटलं, "ते तर कापणीचे दिवस."
"त्यांच्याकडे झाड आहे, मावशी," दुभाषा कुणाल ढोक म्हणाला.
झाड तर झाड.

मग साहेबांनी विचारलं,
रोडग्याचा पत्ता काय?

आई काटोलकडली, सासू भिवापूरची, मी इंदोऱ्यात वाढले.
रोडगा तिन्हीकडे होता.
सावजीचं सांगता येतं, हलबा कोष्ट्यांच्या मागावरून उठलं ते.
रोडग्याचं एवढंच ठाऊक,
जिथं तवा न्यायची सोय नव्हती तिथं तो झाला.
वावरात. वीटभट्टीवर.
गोवऱ्या पेटवा, आर पडू द्या,
गोळा पळसाच्या पानात गुंडाळून राखेत पुरा
आणि कामाला लागा.

साहेब बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "ओयाकी."
"ओव्याची?"
"ओयाकी. नागानो."
त्यांच्या गावाचा उतार असा की पाणी थांबत नाही,
भात होत नाही. गहू, नाहीतर कुट्टूसारखं काळं धान्य.
घराच्या मधोमध जमिनीत चूल,
तिच्या राखेत पिठाचा गोळा,
आणि त्यात वांगं.
"आत?"
"आत."
"आमचं बाहेर. भाजी वेगळी, रोडगा वेगळा, वर जवसाचं तेल."
"बाहेर," त्यांनी लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या.

रविवारी पाऊस उघडला तशा मागच्या अंगणात गोवऱ्या पेटवल्या.
वॉचमन डोंगरेनं काडीनं आर उकरली,
"काय करून राहिले बा हे" म्हणत तिथंच बसला.
त्यांचे सहा, माझे दहा.
त्यांना लागतो तो मिसो नागपुरात कुठून आणू?
भिवापुरी तिखट, जवस, मीठ वाटून दिलं.
तेही वहीत गेलं.
कुठल्या गावाखाली, मी विचारलं नाही.

पहिला ओयाकी त्यांनी कठड्यावर ठेवला.
चौदा ऑगस्ट. या दिवसांत त्यांची गेलेली माणसं घरी येतात,
वांग्याचा ओयाकी आधी त्यांना.
मी काही बोलले नाही.
माझ्या बापानं छप्पन साली दीक्षाभूमीवरून घरी येऊन
पत्रावळ, पिंड, कावळा
सगळं एका दिवसात सोडलं होतं.
साहेबही बुद्धाचेच,
पहिल्या दिवशी माझ्या भिंतीवरच्या तसबिरीला वाकले होते.
मग हे कसं?
विचारायचं तर कुणालमार्फत विचारावं लागलं असतं.

कावळा आला नाही. खार आली,
हुंगली, शिंकल्यासारखी मागे सरली, पळाली.
साहेब इतके हसले की डोळे पुसावे लागले.
म्हणाले, आईला तिखट चालत नसे.

खाऊन झाल्यावर राखेत एक सापडला.
पळसाचं पान होतं की नव्हतं, जळून गेलेलं.
सगळीकडून सारखाच काळा.
माझा की त्यांचा, फोडल्याशिवाय कळणार नव्हतं.
डोंगरे म्हणाला, फोडा ना.
आम्ही दोघं बघत बसलो,
आणि कुणीच फोडला नाही.